मोठ्याने बोलायचं दुकान

आमच्या पेठेतल्या सुभेदारांच्या कापड दुकानात सगळ्या बायका ओरडून बोलतात. लढाईत सुभेदारांच्या कानाजवळ तोफगोळा फुटला, तेव्हापासून त्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे नव्या नवरीलासुद्धा तिथे "मोठ्या काठाची दाखवा!" असं पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं लागतं, आणि तिला कोणी आगाऊ म्हणत नाही.

काल सासूबाईंबरोबर गेले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझी साडी त्याच निवडतात. त्यांनी नेहमीचा मातकट रंग बाजूला काढला. माझे डोळे वरच्या फळीवरच्या पोपटी साडीवर. मी काहीतरी पुटपुटले. सुभेदार गादीवरून पुढे वाकले.

"सूनबाई, ओठ हलले, आवाज नाही आला. असा हुकूम फौजेत कोणी पाळत नाही."

"पोपटी!" मी ओरडले. "मला ती पोपटी हवी!"

समोरचा पानवाला वळून बघायला लागला. सुभेदारांनी मला चक्क सलाम ठोकला आणि साडी सर्रकन गादीवर पसरली. सासूबाईंना हसू आवरेना. "अगंबाई, हिला गळा आहे की! अकरा वर्षं कुठे ठेवला होतास गं?"

कुठे ठेवला होता, कोण जाणे. हळू बोललेलं परत गिळता येतं, म्हणून मी हळू बोलत असेन. ओरडलेलं गिळता येत नाही, ते खांद्यावर पदर होऊन बसतं.

आज ती साडी नेसले आहे. सकाळपासून उगाचच मोठ्याने बोलतेय. मांजर दोनदा दचकलं.