भाडेकरूंनी सभेला बसू नये

आमच्या इमारतीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. ते सेक्रेटरी. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची, पण इमारतीच्या कमिटीचं काम त्यांनी इतकी वर्षं अंगावर घेतलं होतं की बायकोसुद्धा चेष्टेनं म्हणायची, "सेक्रेटरी, पान वाढलंय, ठराव मांडू का?"

माणूस पैशाला चोख, कामाला वाघ. टाकी धुवायची असली की स्वतः शिडीवर. फक्त एका बाबतीत कडक: भाडेकरू. "भाडेकरू म्हणजे पाहुणे. पाहुण्यानं घरच्या कारभारात बोलू नये," असं म्हणायचे, आणि भाडेकरूंनी सभेला बसू नये असा नियमही त्यांनीच करून घेतला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई एकदा ड्यूटीवरून थेट गणवेशातच सभेला आल्या. त्यांच्या नळाला पाणी येत नव्हतं. सेक्रेटरींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "बाई, ही मालकांची सभा आहे. तुमचं गाऱ्हाणं तुमच्या घरमालकाला सांगा. आता उठा." बाई उठल्या. दोघंतिघं हसले. मीही हसलो होतो.

पुढे सेक्रेटरींच्या बायकोच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांची कंपनी त्याआधीच बंद पडली होती. साठवलेलं होतं ते दवाखान्यानं गिळलं. एकुलती एक मुलगी दूर दिली होती आणि तिच्याकडे हात पसरायचा नाही यावर दोघांचंही एकमत. राहिलं ते घर.

"विका," बायको म्हणाली. "पण मला इथून हलवू नका. आजाऱ्याला दार उघडल्यावर ओळखीची तोंडं दिसली पाहिजेत."

बाजारातल्या चष्मेवाल्याला कुठेतरी पैसे गुंतवायचे होते. त्यानं घर घेतलं आणि यांनाच भाड्यानं दिलं. सगळं रीतसर झालं. उठताना सेक्रेटरी खाली बघत म्हणाले, "एक विनंती आहे. इमारतीत सध्या बोलू नका. कमिटीपुढे मी योग्य वेळी मांडतो."

"तुमच्या घराचं तुम्ही..." चष्मेवाला बोलता बोलता अडखळला. "म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं, काका."

योग्य वेळ काही येईना. दारावरची पाटी तीच राहिली. कुणी म्हणालं, "सेक्रेटरी, यंदा घराला रंग काढा की," तर ते "बघू, बघू" करून सटकायचे. औषधांच्या फळीसाठी भिंतीला भोक पाडायचं होतं. ड्रिल हातात घेऊन ते कितीतरी वेळ उभे राहिले आणि मग आतल्या खोलीत जाऊन, दार लावून, चष्मेवाल्याला फोन करून परवानगी मागितली. लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून जिन्यानं जायला लागले. लोकांना वाटलं, बायकोच्या आजारपणानं खचलेत.

"सांगून टाका ना," बायको म्हणायची. "कोण फाडून खाणार आहे तुम्हाला?"

"ज्यांना मी उठवलं, त्यांच्यात जाऊन बसू?"

"बसा. खुर्ची काय, सगळ्यांची सारखीच टोचते."

सेक्रेटरींनी सभेची सूचना पुन्हा स्वतःच्याच सहीनं लावली.

त्या वर्षी जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची होती. खर्च मोठा, तो मालकांनी वाटून घ्यायचा. चष्मेवाला सेक्रेटरींकडचा गळका नळ बघायला आला होता, तेव्हा त्यानं ती सूचना वाचली आणि रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभेला येऊन मागच्या खुर्चीवर बसला. सेक्रेटरींनी त्याला पाहिलं. हातातला कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे कोण?" दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी विचारलं. "अहो, ही मालकांची सभा आहे. आपण कोण?"

चष्मेवाल्यानं सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी टेबलाकडे बघत होते.

"मी... ह्या काकांना भेटायला आलो होतो," तो म्हणाला.

"मग बाहेर थांबा. सेक्रेटरी, नियम तुमचाच ना? सांगा की त्यांना."

आणि सेक्रेटरी म्हणाले, "थोडं बाहेर थांबता का?"

चष्मेवाला निमूट उठला आणि फाटकाजवळ उन्हात जाऊन उभा राहिला. सेक्रेटरींनी लिफ्टचा विषय वाचायला घेतला. दोन वाक्यं वाचली आणि कागद बाजूला सारला.

"ज्याला बाहेर काढलं, तो मालक आहे," ते म्हणाले. "माझं घर त्यानं घेतलंय. मी त्याचा भाडेकरू. माझ्यासाठी खोटं बोलला बिचारा, आणि मी त्याला उन्हात उभं केलं. बाहेर जायला हवं होतं ते मी."

वकील "अहो, बसा बसा, तुमची गोष्ट वेगळी" असं काहीतरी पुटपुटले. त्यावर सेक्रेटरींनी मान हलवली आणि कमिटीच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून फाटकाकडे गेले. तिथं ते चष्मेवाल्याशी काय बोलले ते ऐकू आलं नाही. त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले होते एवढं दिसलं. मग तो आत आला आणि सेक्रेटरी जिन्यानं वर गेले.

संध्याकाळी ते नर्सबाईंच्या दारात उभे राहिले. हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत उठवलं. माझं चुकलं."

बाईंनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. मग विचारलं, "काका, तुम्ही भाडेकरू झालात म्हणून आज आलात. घर राहिलं असतं, तर आला असतात?"

"नसतो आलो," ते म्हणाले, आणि उठले.

भाडेकरूंचा नियम पुढच्या सभेत आम्ही काढून टाकला. नवे सेक्रेटरी वकील झाले. चष्मेवाल्यानं भाडेकरार दर वेळी बिनबोभाट वाढवून दिला आणि आमच्या जुन्या सेक्रेटरींची बायको तिच्या मनासारखी, ओळखीच्या तोंडांत, त्याच घरात राहिली. बायका येऊन तिच्या उशाशी बसायच्या. नर्सबाईही यायच्या, सुई-औषधाचं बघून जायच्या.

त्या आल्या की सेक्रेटरी आतल्या खोलीत जायचे. "अहो, बाहेर या ना, त्या तुम्हाला विचारताहेत," बायको हाक मारायची. "आलो, आलो," म्हणायचे, आणि बाई गेल्याशिवाय बाहेर यायचे नाहीत.