सोल की एक्सक्लुझिव्ह

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझी शुगरसुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही सुनंदाला ओळखत नाही.

सुनंदा माझी धाकटी बहीण. हिवरखेडला असते. मी अमरावतीचा, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवली. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात इंग्रजी म्हणजे मी! मिक्सरचं वॉरंटी कार्ड आलं — दादाला विचारा. बँकेचा कागद आला — दादाला. अहो, इंग्रजी येते म्हणजे कायदा येतो का? वैताग आहे नुसता. पण खरं सांगू? कोणी विचारलं नसतं, तर त्याहून जास्त वैतागलो असतो.

नवरा गेल्यावर सुनंदानं ढोरांच्या खाद्याचं दुकान टाकलं. माल अकोल्याच्या एका कंपनीचा. स्कूटीवर गावोगाव फिरली, गोठ्यात उभी राहून लोकांना पटवलं, गिऱ्हाईक बांधलं. मग कंपनीनं त्या भागाची एजन्सी देऊ केली. करार इंग्रजीत. तिथल्या साहेबानं विचारलं, सोल एजंट लिहू की एक्सक्लुझिव्ह? तुम्ही म्हणाल ते. तिनं तिथूनच मला फोन लावला.

आता इथं — थांबा, नीट सांगतो. मला फरक माहीत नव्हता. दोन्हींचा अर्थ एकमेव, एवढंच मी फळ्यावर लिहीत आलो. माहीत नाही बाई, वकिलाला विचार — एवढं म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण तिकडे साहेब ऐकून राहिला, बहीण वाट पाहून राहिली... मी म्हणालो, सोल घे, भारदस्त वाटतो. भारदस्त! साडी निवडत होतो का मी?

तिचा धंदा चांगला बसला, तसं कंपनीनं हिवरखेडच्या स्टँडजवळ स्वतःचंच दुकान उघडलं. भाव तिच्याहून कमी. सुनंदा करार घेऊन अकोल्याला वकिलाकडे गेली. तो म्हणाला, सोल लिहिलं की कंपनीला दुसरा एजंट नेमता येत नाही, पण कंपनी स्वतः विकू शकते. एक्सक्लुझिव्ह असतं, तर कंपनीलाही तिथं विकता आलं नसतं.

इथवरच असतं, तर चूक म्हणून सोडून दिलं असतं मी. पण पुढचं ऐका. वकिलाच्या दारातूनच तिनं मला फोन केला — रागानं नाही हो, नुसतं विचारायला. आणि मी, एका क्षणाचाही विचार न करता —

"मी तं तुले एक्सक्लुझिव्हच सांगतलं होतं. तूच उलटं सांगतलं त्याईले."

काहून म्हणालो असं? घाबरलो? कोणाला — धाकट्या बहिणीला? ती एवढंच म्हणाली, "असंन दादा. माह्याच ध्यानात नसंन रायलं."

ती भांडली असती तर मी कबूल केलं असतं, असं पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होतो. खोटं आहे तेही. भांडली असती तर मी आणखी मोठ्या आवाजात तेच म्हणालो असतो. मला मी माहीत आहे.

तिचं दुकान बंद झालं. आता ती कंपनीच्याच दुकानात पगारावर बसते, तिनंच बांधलेल्या गिऱ्हाइकांची बिलं फाडते. परवा अकोल्याला चुलतभावाच्या पोराचं लग्न होतं. जेवताना कोणीतरी विषय काढला, तर सर्वांसमोर म्हणाली, दादानं बरोबर सांगतलं होतं, मीच येडी. सगळे हसले.

मीही हसलो. आणि वर मोठ्या मनानं म्हणालो, जाऊ दे सुनंदा, होते असं. म्हणजे — मी तिला माफ केलं.