मुकादम मामांची शिट्टी

एका माणसानं एकच काम करावं आणि दुसऱ्याच्या कामाकडं ढुंकूनही बघू नये, या तत्त्वासाठी जीव द्यायला तयार असलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या पदरी पडला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. औशाजवळच्या त्यांच्या घरी चहा करायला चौघं लागत: एक चूल फुंकायला, एक साखर घालायला, एक कप मांडायला आणि एक दुधावर नजर ठेवायला. एकदा माझ्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. आत्या कडाडली, तर मामाच माझ्या बाजूनं उभे! "त्यानं बघितलं की बराबर. उतरवायचं काम कुठं दिलं होतं त्याला?"

दुष्काळात मामा सरकारी रस्त्याच्या कामावर मुकादम होते. एक शिट्टी वाजली की सगळी टोळी पाट्या उचलून उभी; दोन वाजल्या की बसली. मधेच ते काम बंद पडलं आणि टोळीच्या चुली विझल्या. नेमकी तेव्हाच सिनेमावाली मंडळी आली. त्यांना गाव सोडून निघालेली गर्दी हवी होती, पण धडधाकट माणसांचीच. म्हातारे नकोत, असं त्यांचा मॅनेजर म्हणाला. मामा म्हणाले, "माझी टोळी फुटत न्हाई, साहेब. घ्या तर समदी, न्हाई तर एक बी न्हाई." मला वाटलं, तोंडाशी आलेलं काम जातंय की काय! पण मामांनी तिथंच धुळीत बसकण मारून कामं वाटली: हे चालणार, हे बोचकी वाहणार, आणि ज्यांना चालवत नाही ते वाटेकडेला उभं राहून जाणाऱ्यांकडं बघणार. ते बघणारे म्हातारे दिग्दर्शकाला इतके भावले, की त्यानं सगळ्या टोळीला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो "ॲक्शन! ॲक्शन!" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडला. एक माणूस हलेल तर शपथ! पुढं उभी असलेली बाई म्हणाली, "मुकादमाची शिट्टी कुठं वाजली अजून?" शेवटी शिट्टी वाजवायला मामांनाच कॅमेऱ्यामागं उभं करावं लागलं. ते सगळं आटपेपर्यंत रस्त्याचं कामही परत सुरू झालं.

लातूर जिल्हा झाला, त्या साली तिथल्या थेटरात तो सिनेमा पुन्हा लागला. दुपारच्या खेळाला सगळी टोळी ट्रक करून गेली. मामांना आताशा ऐकू येत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसलो. पडद्यावर गर्दी आली, आणि काय सांगू, आवाजात ती शिट्टी तशीच राहिलेली! आमच्या तीन रांगा ताडकन उभ्या. मी मामांच्या कानाशी ओरडलो, "मामा, तुमची शिट्टी!"

त्यांचं लक्षच नव्हतं. वाटेकडेचे ते म्हातारे आता कुणीच उरले नव्हते, आणि मामा बोट नाचवत पडद्यावरची माणसं मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"हाईत रे," ते म्हणाले, "समदी हाईत."