कात्रीमामांचा उरलेला डोळा

कात्रीमामांच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर खाली असायचा. वर्षभर कोणी मामांना हे सांगितलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. गिऱ्हाइकं घरी जाऊन स्वतःच कल्ला छाटायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मामांच्याच खुर्चीत येऊन बसायची.

शेवटी मामी बोलल्या. "अहो, अख्खी गल्ली तिरकी झालीये. दोष गल्लीचा नाही."

मामांना काचबिंदू होता. उजवा डोळा केव्हाच गेलेला. डाव्याची नजर कडांकडून मिटत आली होती आणि मधोमध खिडकीएवढी जागा उरली होती. तिच्यात एका वेळी एकच कल्ला मावायचा. तीन प्रकारचे थेंब झाले, ऑपरेशन झालं, तरी डोळ्यातला दाब काही हटेना. आता थांबायला हवं, हे मामांना कळत होतं, पण वळत नव्हतं. कात्री सुटली तर आपण कोण उरणार, या विचाराने ते रोज दुकान उघडायचेच.

डॉक्टरीणबाईंनी लेझर सुचवलं. डोळ्यात पाणी तयार करणारा भाग असतो, त्यातला थोडा लेझरने निकामी करायचा.

"म्हणजे मोरी तुंबलीये, म्हणून नळच बारीक करायचा," मामा म्हणाले.

"अगदी तसंच. पण गेलेली नजर परत येणार नाही. क्वचित आहे तीही कमी होते. पुन्हा करावं लागेल, असंही होऊ शकतं."

"अहो, एकच तर डोळा उरलाय," मामी पुटपुटल्या.

"आणि नाही केलं तर?" मामांनी विचारलं.

"तर हळूहळू तोही जाईल."

"मग विचार कसला करायचा? करा," मामा म्हणाले.

इंजेक्शनने डोळा बधिर केला, लेझर झालं. नंतर डोळा लालभडक झाला, ठणकला. पट्टी असेपर्यंत मामा भिंत धरून चालले आणि घरातल्या प्रत्येक खुर्चीशी भांडले. पुढच्या तपासण्यांत दाब उतरला. खिडकी तेवढीच राहिली, थेंबही सुटले नाहीत.

दुकान उघडण्याआधी मामांनी वस्तरा स्वतःच कपाटात टाकला. "दुसऱ्याच्या गळ्याशी जुगार नाही. पण केस मीच कापणार."

दुकान उघडलं. जुनी गिऱ्हाइकं दाराशी घुटमळली, हवापाण्याचं बोलली, आत मात्र कोणी येईना. मामी हे सगळं बघत होत्या. त्या तरातरा आत गेल्या, खुर्चीत बसल्या आणि अंबाडा सोडला.

"मानेपर्यंत कापा."

"अगं, बायकांचे केस मी कधी..."

"मग आज शिका. वाकडे कापलेत तर सगळ्यांसमोर सांगेन."

दाराशी घुटमळणारी गिऱ्हाइकं आत डोकावली. मामांनी एक बट चिमटीत धरली आणि त्यांचा डोळा भरून आला. अशा धूसर नजरेने कापायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. ते थांबले, डोळ्यातलं पाणी ओसरू दिलं, आणि मग कात्री चालवली.