डाव्या स्टिअरिंगची गाडी

जुन्या गाड्यांच्या दलालीत पैसा टिकत नाही, किस्से मात्र टिकतात. नांदेडला आमच्या टपरीवर एकानं तोंड उघडलं की दहा निघतात. आप्पांच्या गाडीचा विषय निघाला, की चहा गार होतो.

आप्पा म्हणजे सरकी-पेंडीचे जुने व्यापारी, गाड्यांचे भलते शौकीन. घरामागच्या शेडमध्ये आकाशी रंगाची लांबलचक अमेरिकन गाडी, अजून नवरीसारखी. फक्त स्टिअरिंग डावीकडे!

*

त्यामुळे आप्पांची बायको, आमच्या काकू, उजवीकडे बसायच्या. एकदा पोलिसानं काकूंनाच अडवलं. "बाई, लायसन दाखवा!"

"लायसन न्हाई बाबा," काकू म्हणाल्या, "पर गाडी मीच चालवते, हे खरंय!"

खरंच होतं. डावीकडून आप्पांना पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसायचं नाही. काकू मान बाहेर काढून सांगायच्या, "काढा" नाहीतर "थांबा". आप्पांनी जन्मात कधी उलट विचारलं नाही.

*

काकू गेल्या. त्यानंतर आप्पा एकटेच अर्धापूरला निघाले, ते केळीच्या ट्रॅक्टरमागे शेवटपर्यंत! मागे ही लाईन लागली. त्या लायनीत मीही होतो.

"आप्पा, काढायची होती की!"

"काढा म्हणायला कोण हाय?"

गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. मला म्हणाले, "इकून टाक बाबा. आता बघवत न्हाई. पर चांगल्या घरी दे."

*

लातूरचा एक मंगल कार्यालयवाला आला. "नवरदेव मिरवायला लई भारी! वरचं छत कापून टाकू." आप्पांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुसरा आला, सवयीनं उजवं दार उघडून बसला आणि स्टिअरिंग शोधायला लागला! मला हसू फुटलं. आप्पांनी तोंड फिरवलं.

"उतरा म्हणावं त्याला."

सौदा बोंबलला. मी मनातून जाम चिडलो, दलालच मी.

*

शेवटी उदगीरचे एक डॉक्टर आले. शांत माणूस. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी चपला काढल्या. आप्पा मान डोलावून "हाव" म्हणाले. ठरलं, एक चक्कर मारायची आणि चावी द्यायची.

डॉक्टर चालवायला, मी मागे. आप्पा पहिल्यांदाच काकूंच्या सीटवर बसले.

अर्धापूर रोडला पुढे ट्रॅक्टर आला.

"काढू का, आप्पा?"

आप्पांनी मान बाहेर काढली. "थांबा."

थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं, "आता?"

"थांबा."

मी मागून वाकून बघितलं. रस्ता लांबपर्यंत मोकळा होता.

"आता काढू?"

"थांबा," आप्पा म्हणाले.