बंद घराचं मीटर

तर हितेशने मुरादच्या अंगणातल्या फरशीवर पहार टेकवली, इथपर्यंत काल आलो होतो. टेकवलीच होती बरं का, मारली नव्हती. कारण त्याच फरशीवर अमीनाखाला फतकल मारून बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"उठ गो खाला. खाली पाईप फुटलाय."

"नाय फुटला."

"तुला काय ठाऊक? जमिनीत शिरून बघितलंस?"

"मुरादने मस्कतला उन्हात झिजून ही फरशी बसवली. तू भोक पाडणार नि चालता होणार. मग बुजवणार कोण, तुझा बाप?"

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. अमीनाखाला मूळची रोह्याची. लग्न होऊन कासूच्या बाजूच्या या खाडीकाठच्या गावात आली. नवरा गेला, मुलं झाली नाहीत, आणि हळूहळू तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा वाढत गेला. मोहल्ल्यातली निम्मी माणसं आखातात. मुरादसारखे कुणी मस्कतला, कुणी दोह्याला. घरं बंद आणि चाव्या खालाकडे. खिडक्या उघडायच्या, वाळवी बघायची, कलमांना पाणी घालायचं, आणि घर फारच उदास वाटलं तर आत बसून चहा प्यायचा. चहा पिताना ती भिंतींना गावातल्या बातम्या सांगते, असं म्हणतात. खोटं नसावं. आवाज रस्त्यावर येतो.

आता मीटरचं. आमच्याकडे पाणीपट्टी घरटी सारखी होती. भरल्या गोकुळाला जेवढी, तेवढीच एकट्या म्हातारीला. बंद घरवाले फोनवरून ओरडायचे, आम्ही घोटभर पाणी पीत नाही, पट्टी कसली घेता? राहणारे उलट ओरडायचे, तुम्ही नसलात म्हणून पंपाची वीज थांबते काय? भांडून भांडून शेवटी ग्रामसभेत ठरलं. पंप, टाकी आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार यासाठी ठरावीक रक्कम प्रत्येक जोडणीवर, घर उघडं असो की बंद. त्यावर मीटरप्रमाणे वापराचे पैसे, आणि जो जास्त वापरील त्याला दर चढता. सांडपाण्याचा आकारही त्याच मीटरवरून, कारण जेवढं पाणी घरात शिरतं तेवढं गटारात येतं, असा समितीचा सरळ हिशेब.

पहिलं रीडिंग घेतलं आणि गाव पोट धरून हसलं. सगळ्यात जास्त पाणी कुणाचं? तर मुरादच्या बंद घराचं! गावातला सखा पारावर बसून सांगू लागला, तिथे जिन आंघोळ करतो. मस्कतहून मुरादचा फोन आला, "अरे, माझ्या घरात हत्ती बांधलाय काय?"

हितेश हा पंचायतीचा नळवाला. तो आधी गटार बघायला गेला. गटार ठणठणीत कोरडं, आत पाल फिरत होती. पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही, म्हणजे जमिनीत मुरतं. म्हणजे पाईप फुटलाय. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. गडी पेणहून नवा पाईप घेऊन आला, आणि पहार.

खरं काय ते खालाला ठाऊक होतं. वरची आळी चढावर, मिठागरात राबलेल्या लोकांची. टाकीचं पाणी तिथे पोचेपर्यंत धार करंगळीएवढी उरते. म्हणून पाणी सुटलं की सीताबाई आणि आळीतल्या बायका मुरादच्या मागच्या दारी हंडे घेऊन येत, आणि खाला दार उघडी. पाणी डोक्यावरून वर जाई. गटारात यायचं कुठून? घरटी पट्टी होती तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. मीटर आलं आणि हंडा हंडा मुरादच्या नावावर चढू लागला. सांगावं तर मागचं दार बंद होणार, न सांगावं तर फरशी फुटणार. म्हणून बाई फरशीवर बसली होती.

तेवढ्यात सीताबाईच पुढे आली, काखेत रिकामा हंडा.

"उठ गो अमीना. आमच्यापायी बोलणी खाऊ नको." मग हितेशला म्हणाली, "पाणी आमी नेतो. फोडायचं तर माझं डोस्कं फोड."

हितेशने पहार खाली ठेवली. "अगो, मग आधी सांगायचं ना! एवढा लांब पाईप गाडीत लोकांच्या मांडीवर टाकून आणला मी, शिव्या खाल्ल्या!"

प्रकरण ग्रामसभेत गेलं. पाणी समितीचा जुहेब म्हणाला, "मीटर एक, जोडणी एक. चढत्या दराने बिल मुरादलाच. नायतर दार बंद."

सीताबाई उठली. "पैसं आमी देऊ. पण आख्ख्या आळीचं पाणी एका घराचं धरून महाग कसं लावता? आमच्या चुली येगळ्या हायत. माझ्या दोन हंड्यांना बंगल्याचा दर?"

सरपंच अनिताताई पेन चावत राहिल्या. मग म्हणाल्या, वरच्या आळीला वेगळी लाईन होईपर्यंत या मीटरवर जेवढ्या चुली, तेवढ्यांत वापर वाटून दर लावू, पैसे त्या घरांकडून घेऊ. आणि जे पाणी मुरादच्या गटारात उतरतच नाही, त्याचा सांडपाणी आकार त्याला नको. पण जोडणी त्याची, तेव्हा हो म्हणायला हवं त्याने. लावला फोन, स्पीकरवर.

तो हो म्हणाला. वरच्या आळीच्या बायका आजही तिथे हंडे भरतात, जाऊन बघा. पण हो म्हणायच्या आधी त्याने विचारलं, "खाला, ते सगळं ठीक हाय. पण माझ्या दारात एवढी माणसं येतात नि मलाच ठाऊक नाय? एका शब्दाने विचारायचंस तरी."

खालाने फोन दोन्ही हातांत धरला.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास रे, ठाऊक हाय मला. पण मग त्यांनी तुझ्या मेहेरबानीचं पाणी नेलं असतं, मान खाली घालून. आता कशा, 'ए अमीना, मेलीस काय, दार उघड' म्हणून माझ्यावरच ओरडतात. तुझी अम्मी होती तेव्हा बी अशाच ओरडायच्या. चुकले असेन तर मला बोल, दोन शिव्या दे. दार मात्र बंद कर म्हणू नको, चावी माझ्याकडे हाय."