रिकाम्या चौकोनांची मीटिंग

पेपर छापून यायला वर्षं जातात. किस्से मात्र दर मीटिंगला फुकट मिळतात. मी साताऱ्याची, कामानं संख्याशास्त्रज्ञ, मुक्काम कुंभकोणम्. पायाला जखम झालेल्या मधुमेही पेशंटांचा आमचा अभ्यास. आकडे कसे हाताळायचे हे पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारून ठरवायचं, असं आमच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. तेव्हापासून माझी वही आकड्यांऐवजी किश्शांनीच भरतेय!

*

पहिल्या मीटिंगला झाडून सगळे आले. दारासुरम्‌चे विणकर षण्मुगम् बसल्याबसल्या बाही वर करून म्हणाले, "रक्त कुठं द्यायचं?"

माझं तमिळ कच्चं. भाषांतराला राधाअक्का होत्या. भांड्यांचं दुकान चालवतात, घरात जुन्या वळणाचं तंजावरी मराठी बोलतात. मी म्हटलं, "रक्त नको, अक्का. मत हवंय."

"मत? मग सगळ्यांस उपाशी कां ठेविलें?"

सगळे मधुमेही, आणि रक्ततपासणी समजून सगळे उपाशी! षण्मुगम्‌चे हात थरथरायला लागले होते. डॉक्टर स्वतः धावत जाऊन इडल्या घेऊन आले. त्या दिवशी संख्याशास्त्र झालंच नाही.

*

पुढच्या वेळी मी विचारलं, "लोक तपासणीला येत नाहीत, मग आमच्या तक्त्यात चौकोन रिकामे राहतात. का येत नसतील?"

षण्मुगम् म्हणाले, "बरं वाटलं की येत नाही."

पापनाशम्‌हून आलेल्या बाई म्हणाल्या, "बरं वाटेनासं झालं की येत नाही."

डॉक्टर घाबरले. "मग येतं कोण?"

"तुम्ही ओरडाल म्हणून भितात, ते!"

*

मग षण्मुगम्‌च एका मीटिंगला आले नाहीत. फोन बंद. मागच्या वेळी पाय सुजलेला होता. डॉक्टरांचं लक्ष उडालं, मी तर सारखा फोनच लावत बसले. शेवटी अक्कांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट दारासुरम् गाठलं.

षण्मुगम् हातमागावर बसलेले! लग्नाच्या साडीची घाई होती.

"अहो, काय झालं?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"काही नाही. बरा आहे."

*

आणि हा परवाचा.

स्क्रीनवर तक्ता होता. मी सांगत होते, "जिथं उत्तर नाही, तिथं कॉम्प्युटर तशाच दुसऱ्या पेशंटांवरून चालण्या-फिरण्याचे मार्क अंदाजानं भरतो."

अक्का भाषांतर करता करता थांबल्या. त्यांचे यजमान आमच्याच अभ्यासातले पेशंट; अभ्यास चालू असतानाच हार्ट अटॅकनं गेले होते.

"गेलेल्यांचेही भरतो?"

मी माउस सोडून त्यांच्याकडे वळले. "आत्तापर्यंत, हो. ते बरोबर आहे का, हेच विचारायचं होतं."

"आमच्या ह्यांस किती दिले? नंतरच्या तपासणीस?"

"नावं मला दिसत नाहीत, अक्का. पण त्यांच्यासारख्यांना... शंभरात सत्तरेक."

"सत्तर म्हणजे कसें असतें?"

"आपापलं चालतो माणूस. जिनाही चढतो."

डॉक्टर हळूच म्हणाले, "अक्का, हे चुकीचंच आहे. आम्ही काढून टाकू."

अक्का स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"काढाल हो. पण आज राहूं द्या."